मेघनेवरचा धोटा

परवा नातू परग्रहावरच्या लढाईचा सिनेमा पाहत होता. सैनिकांना भरून नेणारं 'शटल' आलं. मी विचारलं, "शटल म्हणजे काय रे?" त्याला ठाऊक नव्हतं. शटल म्हणजे मागावरचा धोटा! पोटात सुताची कांडी घेऊन सारखा इकडून तिकडे धावणारा.

असा धोटा आपल्या फौजेने १९७१ साली खरोखर चालवला. मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवला, ढाका पलीकडे. जनरल सगतसिंग यांनी ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांतून जवान पलीकडे उतरवले. एका हेलिकॉप्टरात जेमतेम डझन-चौदा माणसं मावत. म्हणून खेपांवर खेपा, रात्रीसुद्धा. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

तेव्हा मी विशीतला, एरंडोलला रेडिओला कान लावून बसलेला. बातमी ऐकून नाचलो. पण पहिल्या खेपेतल्या जवानांचा विचार मनात आला नाही. धोटा माघारी गेला की पलीकडे ते मूठभरच, पुढची खेप येईपर्यंत. पुढे वर्गात तारखा शिकवल्या. ते वाट पाहणं शिकवायचं राहून गेलं.

नातवाला हे सांगितलं. सिनेमा थांबवून तो म्हणाला, "आबा, आणि धोटा परत आलाच नसता तर?"