जुन्या मोटारी आणि कारागिरांची विद्या

विजयादशमीच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्यासाठी सारे शहर लोटते. त्या सोहळ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक मोटार येते आणि हजारो डोळे तिच्याकडे वळतात. तिचा डौल सर्वांना दिसतो; पण तिच्याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेनच्या मेबॅक कारखान्याने दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत, १९४१ च्या सुमारास, मोटारी बांधणे थांबविले आणि रणगाड्यांची इंजिने बनविण्याला वाहून घेतले. त्या काळात त्याने बांधलेल्या साऱ्या मोटारींची संख्या अवघी अठराशेच्या आसपास. मग अशा मोटारीचा एखादा भाग झिजला, तर तो आणायचा कोठून? आणि तो बसवायचा कसा, हे विचारायचे कोणाला?

हा प्रश्न एका राजघराण्याचा नाही. युद्धापूर्वी बांधलेली कोणतीही मोटार ज्याच्या दारी आहे, त्या प्रत्येकाचा तो आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो, की आपण आपोआप आपल्या उद्योगाच्या इतिहासात शिरतो.

मुंबई इलाख्यात मोटारी आल्या त्या बोटीने. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तेव्हा सुट्या भागांचा साठाही जवळ आला. पण हे सुख फार काळ टिकले नाही. महायुद्धात जहाजांची वाट अडली. स्वातंत्र्यानंतर, ज्यांना येथे भाग बनवायचे नाहीत त्यांनी नुसत्या मोटारी जोडू नयेत, असे धोरण सरकारने १९५३ च्या सुमारास स्वीकारले. परदेशी कंपन्यांनी आपले बस्तान आवरले. त्यातच १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देशभर अशीच संस्थाने विलीन होत होती, आणि त्यांच्या मोटारखान्यांतील गाड्या हळूहळू नव्या मालकांच्या हाती जात होत्या. गाड्या राहिल्या, पण त्यांच्यामागे उभा असलेला पुरवठा संपला.

तेव्हापासून मालकांपुढे तीन वाटा राहिल्या. पहिली जुन्या बाजाराची. मुंबईच्या चोरबाजारात दिवा, घड्याळ, चाकावरची टोपी, एखादे मॅग्नेटो हुडकीत फिरणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहेत. दुसरी वाट पत्रव्यवहाराची. इंग्लंडात १९३० साली व्हेटरन कार क्लब आणि १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला. अशा मंडळांनी जुनी माहितीपुस्तके आणि जाणत्या माणसांचे अनुभव सांभाळून ठेवले, म्हणून कारखाना बुडाला तरी सल्ला मिळत राहिला. तिसरी वाट म्हणजे भाग स्वतः घडविणे. आणि या वाटेवर कोल्हापूर कोणाच्या मागे नाही.

याचे कारण उसाच्या मळ्यात आहे. पंचगंगेचे पाणी उपसणारी तेलाची इंजिने आणि ऊस गाळणारे चरक बिघडले, की हंगाम थांबत नसे. गूळ उकळायचा तो वेळेवरच. विलायतेहून भाग येईपर्यंत ऊस वाळून जाईल, या धाकातून येथल्या मेस्त्रींनी बीड ओतायला आणि लेथवर कातायला हात बसविला. शिवाजी उद्यमनगर उभे राहिले ते त्याच हातांवर. वृत्तीही तीच होती. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडविला. विकत मिळत नाही ते करून पाहावे, हा या गावचा स्वभावच म्हणावा लागेल.

पण घडविणे वाटते तितके सोपे नाही. झिजलेला भाग वाळूत दाबून तसाच ओतला, तर तयार होणारा भाग लहान निघतो. बीड थिजताना शंभर मिलिमीटरमागे सुमारे एक मिलिमीटर आकसते. ॲल्युमिनियम त्याहून थोडे अधिक. शिवाय कातण्यासाठी वाढीव माल ठेवावा लागतो आणि झिजेचीही भर धरावी लागते. आट्यांचे तसेच. इंग्रजी मोटारीवरच्या अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टला इंचात बारा आटे, तर अमेरिकन मोटारीवरच्या त्याच जाडीच्या बोल्टला तेरा. दोन्ही हातात घेतले तर सारखेच दिसतात. चुकीचा नट दोन फेरे गोडीने चढतो आणि तिसऱ्या फेऱ्याला मूळ आटेच खाऊन टाकतो. जर्मन मोटारीचा हिशेब तर मिलिमीटरांचा. त्या काळच्या कित्येक इंजिनांत आजच्यासारखी तयार बेअरिंगे नसत. कथील, अँटिमनी व तांबे यांचा मऊ मिश्रधातू वितळवून जागेवर ओतायचा, कातायचा, दांड्याला निळा रंग फासून तो फिरवायचा, आणि जेथे रंग लागेल तेवढेच पात्याने खरडायचे. हे काम वाचून येत नाही. ते करणाऱ्याच्या शेजारी बसून शिकावे लागते.

म्हणून माझे म्हणणे असे, की जुन्या मोटारीच्या बाबतीत खरा तुटवडा भागांचा नसून जाणत्या माणसांचा आहे. भाग उद्याही ओतता येईल. पण किती सैल ठेवायचा आणि कोठे घट्ट करायचा, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे, तो गेला की त्याची विद्या बहुधा त्याच्याबरोबरच जाते. आपल्याकडे मेस्त्री लिहून ठेवीत नाहीत आणि लिहिणारे त्यांच्याकडे जात नाहीत.

आणि नव्या अडचणी तर रोज उभ्या राहात आहेत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. काही जुन्या कार्ब्युरेटरांतला तरंगता गोळा बुचाच्या लाकडाचा असून त्यावर लाखेचा लेप असतो, आणि लाख मद्यार्कात विरघळते. लेप गेला की बूच पेट्रोल पिते, जड होऊन बुडते आणि कार्ब्युरेटर ओसंडू लागतो. जुने रबरही या मिश्रणात टिकत नाही. या अडचणीचा तोडगा १९३६ च्या माहितीपुस्तकात सापडणार नाही. तो आजच्याच कारागिराने काढावयाचा आहे.

दुसरा प्रश्न अस्सलपणाचा. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी मोटारींना व दुचाकींना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नियम चांगलाच आहे. पण त्यामुळे आपल्या मोटारीत झालेली डागडुजी लपविण्याकडे मालकाचा कल होऊ नये. सांगाडा आणि मूळ इंजिन बदलू नये, हे खरे; मात्र उद्यमनगरात ओतलेला पंपाचा झाकणतुकडा हा मोटारीवरचा कलंक नव्हे. माल मिळत नसताना गावाने ती मोटार कशी जगविली, याचा तो पुरावा आहे. किल्ल्याच्या तटाला पुढच्या राजवटीने घातलेला चिरा इतिहासकार उपटून टाकीत नाहीत. त्याची नोंद करतात. येथेही तोच न्याय लावावा.

त्यासाठी फार खर्च नाही. प्रत्येक जुन्या मोटारीबरोबर एक वही असावी. कोणता भाग कधी बदलला, कोणी घडविला, कोणत्या धातूचा, मापे काय ठेवली, हे तीत लिहावे. नव्या भागाच्या न दिसणाऱ्या बाजूवर साल कोरावे. काढलेला जुना भाग भंगारात न देता चिठ्ठी बांधून ठेवावा, कारण पुढचा साचा त्यावरूनच होणार आहे. आणि आपल्या शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी वृद्ध मेस्त्रींकडे दोन-दोन विद्यार्थी धाडून त्यांची कामे टिपून घ्यावीत. राजांच्या पत्रांचे खंड आपण छापले, ते योग्यच केले. ज्या हातांनी राजांच्या मोटारी आणि शेतकऱ्यांची इंजिने एकाच कसबाने चालती ठेवली, त्यांचीही एक वही आपल्या संग्रही असावी, एवढेच मला सुचवावयाचे आहे.