विहिरीच्या काठावरचा माणूस

एमआरआयच्या बोगद्यात शिरताना कोणाचा जीव घाबरला की बाहेर बसलेल्यांपैकी कोणी तरी हमखास म्हणते, हे आताचे चोचले आहेत, आमच्या आजोबांच्या वेळी असले काही नव्हते. धुळे-जळगावच्या मातीत तर हे वाक्य फारच सहज उगवते, कारण हा कष्टकऱ्यांचा मुलूख आणि इथे घाबरणे म्हणजे कमीपणा. पण खानदेशाचा इतिहास या वाक्याला साथ देत नाही. बंद, खोल, अंधाऱ्या जागा इथल्या माणसाच्या रोजच्या कामात होत्या, त्यांचे भय होते आणि ते भय झेपावे म्हणून ठरलेल्या रीतीही होत्या. त्या रीती माणसाच्या छातीतल्या हिमतीवर विसंबत नव्हत्या. आत उतरणाऱ्याभोवती बाहेरून काय उभे करायचे, यावर त्यांचा भर होता. विहिरीवर जे आपल्याला कळत होते ते दवाखान्यात येताना आपण मागे ठेवून आलो, असे मला वाटते. आजच्या स्कॅनच्या खोलीत जे अडते ते बरेचसे यामुळेच.

आधी या भयाविषयी थोडे. बंदिस्त जागेच्या भीतीला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते 1879 मध्ये, पॅरिसचे डॉक्टर बेंजामिन बॉल यांच्याकडून. पुढे शंभरेक वर्षांनी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली रॅकमन यांनी त्या भीतीची दोन मुळे वेगळी करून दाखवली. एक गुदमरण्याचे भय, म्हणजे हवा पुरणार नाही हे. दुसरे कोंडले जाण्याचे, म्हणजे मला हलता येणार नाही, वाटेल तेव्हा बाहेर पडता येणार नाही. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, पण त्यांचे उपाय एक नाहीत. खानदेशाच्या गतकाळात ही दोन भये दोन वेगळ्या ठिकाणी स्पष्ट दिसतात. पहिले विहिरीत दिसते, दुसरे धुळ्याच्या तुरुंगात.

विहीर हे इथले जुने प्रकरण आहे. पांझरेच्या काठी फड पद्धतीने बंधाऱ्याचे पाणी वाटून घेणारी गावे होती, पण ज्यांच्या शिवारात पाट पोचत नव्हता त्यांना जमिनीखालीच जावे लागे. धुळ्याच्या बाजूला काळा पाषाण. तो सुरुंगाने फोडायचा आणि दगड घमेल्यात भरून वर पाठवायचा. तापीकाठी रावेर-यावलकडे गाळाची जमीन, तिथे विहिरी खोलच खोल. 1883 च्या जमीनसुधारणा कर्ज कायद्याने विहिरींसाठी तगाई मिळू लागली. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनंतर पाण्यासाठी खोल जाण्याची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. या सगळ्या खोदाईत आणि नंतर दर उन्हाळ्यात गाळ काढताना माणूस तळाशी उतरे. वर आभाळाचा थाळीएवढा तुकडा, खाली ओल, बाजूला उभा दगड. त्यातच सुरुंगाचा धूर तळाशी साचलेला किंवा न उपसलेल्या विहिरीत जड वायू बसलेला. धान्याच्या पेवाचीही हीच गत. कित्येक महिने बंद राहिलेले पेव उघडून लगेच आत उडी घेणारा वर येईलच, याची खात्री कोणी देत नसे.

म्हणून रीत होती. पेव उघडून आधी मोकळे सोडायचे. विहिरीत आधी पेटता कंदील दोराला बांधून सोडायचा आणि तो विझला तर माणूस उतरवायचा नाही. ही रीत शास्त्राला धरून आहे. साध्या हवेत प्राणवायू 21 टक्क्यांच्या आसपास असतो. तो सोळा-सतरापर्यंत उतरला की ज्योत मालवते, आणि त्या हवेत माणूस अजून काही काळ तग धरू शकतो. म्हणजे कंदील माणसाआधी हार मानतो. (विहिरीत डिझेल इंजिने उतरवू लागल्यावर मात्र हा हिशेब चुकला. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कंदिलाला कळत नाही. जुनी रीत नव्या विषाला पुरी पडली नाही आणि त्यात माणसे गेली.) दुसरी गोष्ट दोराची. उतरणाऱ्याच्या कमरेला किंवा काखेखालून दोर आणि त्याचे दुसरे टोक वरच्याच्या हातात. तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे काठावरचा माणूस. दगड वर ओढणारी यारी फिरवणारे दोन असले तरी आत बघत राहणारा, हाक मारणारा आणि 'ओ' ऐकू आली नाही तर दोर ओढायला लावणारा एक वेगळाच लागतो. त्याचे काम दगड उचलण्याचे नसते. आतल्याला आवाज देत राहायचे आणि त्याचा आवाज ऐकत राहायचे, एवढेच. आपण हवे तेव्हा वर येऊ शकतो, हे आतल्याला ठाऊक असते. म्हणून तो सहसा अर्ध्यावर वर येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की विहिरीतला धोका खरा होता आणि रीत त्या धोक्यासाठी होती, भीतीसाठी नव्हे. ते खरे आहे. पण धोका गेल्याने भीती जाते असे मात्र नाही. स्कॅनच्या बोगद्याची दोन्ही तोंडे उघडी असतात, आत पंख्याने हवा खेळती ठेवतात, तिथे गुदमरून कोणी जात नाही. तरीही माणूस म्हणतो, श्वास अडकतोय. त्याचे शरीर हवेचे प्रमाण मोजत नसते. चेहऱ्यापासून चार बोटांवर असलेले छत, डोक्यावर बसवलेली जाळी आणि 'हलायचे नाही' ही ताकीद यांवरून ते निष्कर्ष काढते. म्हणून विहिरीवरच्या रीतीतला कंदील इथे निकामी ठरला तरी दोर आणि हाक निकामी ठरत नाहीत.

दुसऱ्या भयाचा, कोंडले जाण्याचा, पुरावा तुरुंगात शोधावा लागतो, आणि धुळ्याच्या तुरुंगाने त्याचा एक असामान्य कागद मागे ठेवला आहे. 1932 च्या कायदेभंगात विनोबा भावे इथे बंदी होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने त्यांनी गीतेवर दिली. साने गुरुजी, अमळनेरच्या शाळेची नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले, त्याच तुरुंगात होते. त्यांनी ती उतरवून घेतली म्हणून 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आहे. या पुस्तकाकडे आपण अध्यात्म म्हणून पाहतो, आणि ते आहेच. पण कॅलेंडर समोर ठेवून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. त्या अठरा आठवड्यांत एकही रविवार सुटलेला नाही. अध्याय अठरा, रविवार अठरा. ज्याला दार स्वतः उघडता येत नाही त्याच्यासाठी वेळ ही सपाट, टोक नसलेली गोष्ट होऊन बसते. इथे तिला खुणा लागल्या. कैद्याला ठाऊक होते की आज सातवा, पुढच्या रविवारी आठवा. भिंती तेवढ्याच राहिल्या, पण कोंडलेपणाला मोजमाप आले.

विनोबांनी स्वतःच्या एकांतकोठडीचेही वर्णन आठवणींत केले आहे. साधारण आठ फूट बाय नऊ फूट जागा, हाताला काम नाही, वाचायला काही नाही, बाहेर पडायची मुभा नाही. त्यांनी काय केले? दिवसाचे वेळापत्रक आखले. दहा तास झोप, दोन-तीन तास ध्यान, जेवण-आंघोळीला काही वेळ आणि सुमारे आठ तास त्याच कोठडीत फेऱ्या, ताशी दीड मैलाचा हिशेब धरून, पाठ असलेली भजने म्हणत. नऊ फुटांत मैल मोजणारा माणूस विक्षिप्त वाटेल. पण त्याने नेमके काय कमावले ते पाहा. बाहेरून लादलेल्या जागेत त्याने आपल्या ताब्यातले काही तरी निर्माण केले, त्याला संख्या दिली आणि आवाज दिला.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. विनोबा विरक्त होते, सत्याग्रही म्हणून स्वतःहून तुरुंगात गेले होते. शिंदखेड्याहून कंबरदुखीसाठी आलेल्या शेतकऱ्याला त्यांचे उदाहरण देणे म्हणजे कीर्तन करणे होय. शिवाय विनोबा चालत होते, आणि यंत्रात तर बोटही हलवायचे नाही. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. विरक्ती कोणाला शिकवता येत नाही. पण मोजणी शिकवता येते. आणि साने गुरुजींपासून तिथल्या बाकीच्या बंद्यांपर्यंत जे त्या रविवारी ऐकायला बसत ते सगळे काही विनोबा नव्हते. त्यांना तो आठवडा सुसह्य झाला असेल तर तो दुसऱ्याने त्यांच्यासाठी आखून दिल्यामुळे. मुद्दा तोच आहे. खुणा आतल्याने स्वतः मारल्या पाहिजेत असे नाही, बाहेरचाही त्या मारून देऊ शकतो.

आता यंत्राकडे येऊ. माणसाच्या शरीराचे पहिले एमआरआय चित्र 3 जुलै 1977 रोजी अमेरिकेत निघाले, रेमंड डेमेडियन यांच्या यंत्रावर. छातीचा एकच छेद टिपायला जवळजवळ पाच तास लागले. त्याआधी डेमेडियन स्वतः त्यात बसले होते. तेव्हा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके पाहायला डॉक्टर शेजारी होता. पण त्यांचा देह जाड पडला आणि चित्र उमटले नाही. मग सडपातळ विद्यार्थी लॅरी मिंकॉफ याने आपल्या गुरूला काही अपाय होत नाही ना, हे काही आठवडे पाहिले आणि मगच तो आत बसला. शोधाच्या पहिल्याच दिवसांत काठावरचा माणूस हजर होता, आणि आत जाणाऱ्याने आधी कंदील सोडून पाहिला होता म्हणा ना. भारतात 1986 मध्ये दिल्लीच्या इनमास संस्थेत हे तंत्र आले. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते 1980 च्या दशकाच्या अखेरीस आणि जळगावला तर 2018 मध्ये. मधल्या काळात मोठ्या तपासण्यांसाठी खानदेशातल्या लोकांनी आग्रा रोडने नाशिक-मुंबई गाठली. यंत्र जिल्ह्याला पोचले ते असे उशिरा, आणि पोचले तेव्हा ते तासाला इतके रुग्ण या हिशेबात बसलेले होते. साठ सेंटिमीटर व्यासाचा बोगदा, शंभर डेसिबलच्या पुढे जाणारी ठोकठोक, वीस ते पंचेचाळीस मिनिटे स्थिर पडणे. काचेपलीकडे तंत्रज्ञ एकटा, आणि त्याच्यापुढे रांग.

यंत्र मोकळे करा की भीती जाईल, हा तिसरा आक्षेप. त्याला पुरावा आहे आणि त्या पुराव्याला मर्यादाही आहेत. बर्लिनमध्ये 55 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा आखूड आणि कमी आवाजाच्या यंत्रात भीतीमुळे अडचण येण्याचे प्रमाण जुन्या यंत्राच्या साधारण एकतृतीयांशावर आलेले दिसले. म्हणजे लांबी आणि गोंगाट यांना महत्त्व आहे. पण त्याच शहरात पुढे मुळातच जास्त घाबरणाऱ्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटले, एक गट आखूड बोगद्यात, दुसरा बाजूने उघड्या यंत्रात. आखूड बोगद्यात 39 टक्के घाबरले, उघड्यात 26 टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ठाम म्हणता येत नाही. बाजू उघड्या करूनही चारातला एक घाबरतोच, याचा अर्थ भयाचे मूळ केवळ भिंतीत नाही. गुंगीचे औषध हा आणखी एक मार्ग आहे. लहान मुलांना आणि काही मोठ्यांना तो लागतोच, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यासाठी देखरेख करणारा डॉक्टर हवा, नंतर घरी नेणारा माणूस हवा. तालुक्याहून एसटीने आलेल्याला हे दर वेळी जमत नाही.

मग उरते ती जुनी रीत, आणि तिची साधने यंत्रासोबतच आलेली असतात. रुग्णाच्या हातात दाबायला दिलेला रबरी फुगा हा दोर आहे. कानातल्या यंत्रातून येणारा तंत्रज्ञाचा आवाज ही हाक आहे. अडचण वापरण्याच्या पद्धतीत आहे. फुगा हातात कोंबून 'अगदीच वाटलं तरच दाबा' असे दरडावले की तो दोर राहत नाही. उतरण्याआधी एकदा दाबून पाहायला लावले, आवाज येतो आणि माणूस धावून येतो हे रुग्णाला अनुभवू दिले, तरच त्याचा उपयोग. आणि आवाजाचे काय? आपल्याकडे दिलासा म्हणून सर्रास खोटे सांगतात: "बाबा, दोनच मिनिटं, झालंच." पंचवीस मिनिटांच्या तपासणीत हे वाक्य तिसऱ्या मिनिटाला फुटते आणि त्यानंतर तंत्रज्ञाच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही. काठावरच्या माणसाने तळाशी असलेल्याला खोटे सांगितलेले विहिरीवर खपले नसते. त्याऐवजी "आता चार मिनिटांचा आवाज, मग थोडं थांबू, असे एकूण सहा" असे सांगितले तर ती रविवारांची मोजणी होते. रुग्णाला पाच उरले, चार उरले हे कळते. यंत्राला तपासणीचा प्रत्येक टप्पा आधीच ठाऊक असतो, तो पडद्यावर लिहिलेला असतो. तो वाचून दाखवायला वेगळा खर्च येत नाही.

काठावरचा माणूस म्हणून नातेवाईक आत बसवण्याबाबत मात्र सावधगिरी रास्त आहे. यंत्राचे चुंबक तपासणी नसतानाही चालूच असते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर खोलीत नेले गेले आणि रुग्णासोबत आलेल्या एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर सोबत्यांवर बंधने कडक होणे स्वाभाविक होते. पण बंधन धातूवर हवे, माणसावर सरसकट नको. अंगावरचे दागिने, मोबाइल, नाणी, पट्टा बाहेर काढून, छातीत पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा नाही ना, हे विचारून, कानात बोळे घालून सोबतीला पायांशी बसू देणारी केंद्रे आहेत. त्याने रुग्णाच्या पावलावर हात ठेवला तर चित्रात फरक पडत नाही, पाय हलला नाही म्हणजे झाले. ही परवानगी रेडिओलॉजिस्टने द्यायची असते. ऐन वेळी दारात मागितली तर बहुधा नाहीच म्हणतात. तारीख घेतानाच मागितली, धातूची चौकशी त्याच वेळी उरकली, तर नकाराला फारसे कारण उरत नाही.