कार्थेजची पर्पेतुआ

मातापितरांहून व लेकरांहूनहि अधिक प्रेम ख्रिस्तानें आपल्या शिष्यांपाशीं मागितलें, हें मत्तयाच्या शुभवर्तमानांत आपण वाचतों. पण ही आज्ञा ज्यांना अक्षरशः पाळावी लागली त्यांच्या घरांत काय घडलें असेल? श्रोतेहो, याचें उत्तर एका तरुण मातेनें स्वतःच लिहून ठेवलें आहे.

इ. स. २०३ मधील गोष्ट. उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज येथें त्या वेळीं रोमन सत्ता होती. तेथें विबिया पर्पेतुआ ही सुमारें २२ वर्षांची, कुलीन व सुशिक्षित स्त्री कांहीं सोबत्यांसह पकडली गेली. तिच्या अंगावर पितें मूल होतें. बंदिवासाची हकीकत तिनें लॅटिनमध्यें लिहिली. ख्रिस्ती स्त्रीच्या हातच्या अगदीं जुन्या लेखांत तिची गणना होते.

तुरुंगाच्या काळोखापेक्षां बाळाची काळजीच तिला अधिक जाळीत होती. बाळाला जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली, तेव्हां तोच तुरुंग तिला राजवाड्यासारखा वाटूं लागला. अशा स्त्रीला निष्ठुर कोण म्हणेल?

तिचा पिता ख्रिस्ती नव्हता. तो पुनःपुन्हा तिच्याकडे येई. एकदां तिनें जवळच्या एका भांड्याकडे बोट दाखवून विचारलें, की भांड्याला भांड्यावांचून दुसरें नांव देतां येईल काय? तसेंच माझें आहे. तो प्रथम संतापला. पुढें मात्र त्यानें तिचे हात चुंबिले आणि तिच्या पायांवर लोळण घेतली. चौकशीच्या दिवशीं तो नातवाला घेऊन आला. पित्याच्या पिकल्या केसांकडे व तान्ह्याकडे पाहून बादशहांच्या कल्याणार्थ आहुति दे, असें अधिकारी हिलारियानस यानेंहि विनविलें. ती नाहीं म्हणाली. तिला परावृत्त करूं पाहणाऱ्या म्हाताऱ्याला त्या अधिकाऱ्याच्या हुकुमानें छडीचा मार बसला. तो प्रहार जणूं आपल्याच अंगावर पडला, असें ती लिहिते. त्यानंतर पित्यानें मूल परत देण्याचें नाकारलें. मुलाला दूध नकोसें झालें व आपल्यालाहि वेदना झाल्या नाहींत, यांत तिनें ईश्वराची कृपा पाहिली.

तिच्याबरोबरची दासी फेलिसितास तुरुंगांतच प्रसूत झाली. तिची मुलगी एका ख्रिस्ती भगिनीनें वाढविली. ७ मार्च रोजीं, राजपुत्र गेटा याच्या वाढदिवसाच्या खेळांत, या दोघींचा अंत झाला. नवख्या योद्ध्याचा थरथरता हात पर्पेतुआनें स्वतःच आपल्या गळ्याशीं नेला, असें तिची हकीकत पुरी करणारा लेखक सांगतो. पुढें दोन शतकांनीं संत ऑगस्टीन तिच्या स्मृतिदिनीं प्रवचनें करीत असे.

या मरणाची किंमत एकट्या पर्पेतुआनेंच दिली नाहीं. ज्यांनीं तो मार्ग पत्करला नव्हता, त्या वृद्धानें व त्या अर्भकानेंहि ती दिली. हें तिला ठाऊक होतें. म्हणूनच पित्याविषयीं तिच्या लिखाणांत तिरस्काराचा एक शब्द नाहीं, दुःख मात्र पानोपानीं आहे. जिला सोडण्यासारखें कांहींच प्रिय नसतें, तिच्या त्यागाचें मोल तें काय? पर्पेतुआच्या ठिकाणीं ईश्वरभक्तीनें माया आटली नाहीं. त्या मायेच्या वर आणखी एक प्रेम उभें राहिलें, एवढेंच.