यंत्र गेले, आज्ञा उरल्या

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात मेनार्ड नावाचे गाव आहे. तेथे लोकरीच्या एका जुन्या गिरणीत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे 'डेक', ही कंपनी थाटली गेली होती. १९६५ साली तिने पीडीपी-८ हा संगणक सुमारे १८,००० डॉलरला विकायला काढला. संगणक म्हणजे स्वतंत्र दालन आणि लाखोंचा खर्च, असे समीकरण असलेला तो काळ. हे यंत्र मात्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मावत असे. त्याची मूळ स्मृती ४,०९६ शब्दांची, शब्द १२ बिटांचा आणि आज्ञांचे मूळ प्रकार आठ. अशा यंत्रांना मिनिकॉम्प्युटर हे नाव रूढ झाले. १९७० साली १६ बिटांचा पीडीपी-११ आला आणि युनिक्स ही संगणकप्रणाली त्याच्यावरच वाढली.

१९९८ साली कॉम्पॅकने डेक विकत घेतली. तोवर जुनी यंत्रे भंगारात जाऊ लागली होती. त्यांच्यासाठी लिहिलेल्या आज्ञावल्या चुंबकीय फितींवर आणि कागदांवर उरल्या, पण त्या चालवायच्या कशावर? मोडी वाचणारा कोणी नसला की दप्तर असूनही मुके होते, तशीच ही गत.

हे मुकेपण घालवण्यासाठी बॉब सुपनिक यांनी १९९३ साली 'सिमएच' लिहायला घेतले. सुपनिक डेकमध्येच वरिष्ठ पदावर काम केलेले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या 'मिमिक' या आज्ञावलीची कल्पना त्यांनी आधाराला घेतली. सिमएच हा इम्युलेटर आहे, म्हणजे आजच्या संगणकात जुन्या संगणकाचे सोंग वठवणारी आज्ञावली. त्याचे तत्त्व सोपे. जुन्या यंत्राची स्मृती म्हणजे आकड्यांची एक लांब रांग आणि तबकडी म्हणजे एक फाइल. रांगेतून एक आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, मूळ यंत्राने जे केले असते ते करायचे आणि पुढच्या आज्ञेकडे वळायचे.

खरी कसोटी 'मूळ यंत्राने जे केले असते' या शब्दांत आहे. आजचा संगणक तबकडीवरची माहिती क्षणार्धात देऊ शकतो. जुन्या आज्ञावलीला मात्र ती मिळेपर्यंत बरीच कामे उरकायची सवय होती. उत्तर फार लवकर आले तर ती गोंधळते. म्हणून इम्युलेटर मुद्दाम थांबतो. ठरावीक आज्ञा पार पडल्यावरच 'तबकडीचे काम झाले' असे सांगतो. पीडीपी-११च्या मॉडेलांचे आपसातही जमत नसे. एकाच आज्ञेत एकच रजिस्टर दोन्ही बाजूंना वापरले, तर काही मॉडेले वाढीपूर्वीचा आकडा साठवत आणि काही वाढीनंतरचा. डेकच्या पुस्तिकांत अशा फरकांचे तक्ते छापलेले आहेत. असे फरक 'सुधारून' टाकणारा इम्युलेटर वेगवान होईल, पण साक्षीदार म्हणून निकामी ठरेल.

शिवाय हे काम एकदा करून संपत नाही. अनुकरण करायचे ते यंत्र स्थिर आहे, पण पायाखालचे यंत्र दर काही वर्षांनी बदलते. नवे कंपायलर येतात, नव्या प्रणाली येतात आणि काल चाललेले आज अडते. देखभाल करणाऱ्यांच्या मतांचाही प्रश्न असतोच. सिमएचच्या नव्या आवृत्तीत तबकडीच्या फाइलच्या शेवटी स्वतःची नोंद लिहिण्याची सोय आली. वापर सुलभ व्हावा हा त्यामागचा हेतू. अनेकांनी त्याला हरकत घेतली, कारण त्यांच्या लेखी ती फाइल म्हणजे अस्सल कागद, आणि अस्सल कागदावर नोंद करायची नसते. परवान्याच्या अटींवरूनही वाद वाढला. २०२२ साली 'ओपन सिमएच' हा वेगळा प्रकल्प एमआयटी परवान्याखाली उभा राहिला आणि निर्णय घेण्यासाठी त्याला एक समिती मिळाली. इतिहासाच्या संपादकाला मूळ संहितेत कितपत हात घालता येतो, हा जुनाच वाद येथे नव्या रूपात झाला.

हा वाद का महत्त्वाचा, ते युनिक्सच्या आरंभाकडे पाहिले की कळते. १९६९ साली केन थॉम्प्सन यांनी बेल लॅब्जमध्ये ती प्रणाली पीडीपी-७ या १८ बिटांच्या यंत्रावर सुरू केली. २०१६ साली त्या काळच्या छापील आज्ञावल्यांच्या प्रतिमा अभ्यासकांच्या हाती आल्या. त्यांनी त्या अक्षर न् अक्षर उतरवून काढल्या, हरवलेले काही भाग नव्याने लिहिले आणि ती प्रणाली इम्युलेटरवर चालवून दाखवली. कागदावर केवळ वाचायची वस्तू पुन्हा कामाला लागली.

खऱ्या यंत्रांचा भरवसा किती धरावा? सिअ‍ॅटल येथे पॉल अ‍ॅलन यांनी उभारलेले संग्रहालय जुने संगणक चालू स्थितीत ठेवत असे. अ‍ॅलन २०१८ साली वारले, २०२० साली संग्रहालयाचे दार बंद झाले आणि २०२४ साली ते कायमचे बंद होत असल्याचे जाहीर होऊन त्यातील काही वस्तू लिलावात गेल्या. लोखंड आणि तांबे सांभाळायला इमारत लागते, पैसा लागतो. इम्युलेटरची प्रत कोणालाही घरी ठेवता येते. मात्र तिच्यावर भरवसा ठेवायचा तर मूळ यंत्राची मंदगती, विसंगती आणि खोडी आहेत तशा जपणारी माणसे पिढ्यानपिढ्या मिळत राहायला हवीत.