हजेरीपटाबाहेरचे काम

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली करारबद्ध मजुरांची रजिस्टरे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. त्यांत जहाजाचे नाव, वय, उंची, बापाचे नाव, गाव, जात असे पुष्कळ सापडते. आपल्या आडनावाशी जुळणारे एखादे नाव दिसले की डोळे भरून येतात. मात्र तोच माणूस पुढे म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या घरात पाणी कोणी भरले, भात कोणी शिजवला, हे कोणत्याही रजिस्टरात नाही.

याचे कारण सरळ आहे. करार धडधाकट शरीराचा होता. सुरुवातीच्या काळात पुरुषाला दरमहा ५ रुपये आणि रोज २ पौंड तांदूळ, शिवाय डाळ, मीठ, तेल. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापत. मळ्यावर इस्पितळ ठेवण्याची सक्ती मालकावर होती. पण ते आजाऱ्याला बरे करून पुन्हा उसात धाडण्यासाठी. म्हातारपणावर इस्पितळात औषध नव्हते आणि निकामी झालेल्या हाताला मालकाच्या वहीत जागा नव्हती.

करार संपलेल्या जुन्या मजुरांचे हाल तर वेगळेच. १८६७ च्या कायद्याने त्यांना फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगावे लागे. ते नसेल तर भटक्या ठरवून पोलीस धरून नेत. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी लिहिलेल्या अर्जावर नऊ हजारांहून अधिक जुन्या मजुरांची नावे होती. त्यानंतर १८७२ मध्ये शाही आयोग बेटावर आला. या लढ्याविषयी आपल्या स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

मला सांगायचे आहे ते बायकांविषयी. बेटावर आलेल्या बहुतेक बायकांनी मजुरीचा करार केला नाही. तशी सक्तीही त्यांच्यावर नव्हती. मळेवाल्यांच्या हिशेबी त्या रिकाम्या बसलेल्या होत्या. प्रत्यक्षात कांपातले अर्धे जग त्यांच्या खांद्यावर होते. पुरुषांच्या मानाने बायका फार थोड्या, त्यामुळे कित्येक पुरुष एकटेच राहिले आणि एकटेच म्हातारे झाले. ना बायको, ना मूल, गाव समुद्रापलीकडे. १८५० नंतरच्या काही वर्षांत परतीचे फुकट तिकीटही बंद झाले. अशा माणसाचे म्हातारपण शेजारच्या झोपडीवर येऊन पडे.

आमची आजी पश्चिमेकडच्या एका मळ्यावर वाढली. तिच्या लहानपणी शेजारी एक म्हातारबाबा राहत. ते तेलुगू बोलणारे, आजीची आई कोकणातली. दोघांची भाषा म्हणजे मोडकी क्रेओल. सकाळी त्यांच्या घागरीत पाणी, दुपारी झाकून ठेवलेले ताट, आठवड्यातून एकदा धुणे, पावसाआधी छपरावर उसाचा पाला. हे काम मुलींचे. आजी सांगे, ताट नेताना आई बजावायची, "बाबांना हाक मारल्याशिवाय आत जाऊ नको." मला हे वाक्य फार मोलाचे वाटते. मदत घेणाऱ्याचाही एक उंबरठा असतो, हे त्या निरक्षर बाईला ठाऊक होते.

पण याचे गोडवे गाऊन भागणार नाही. आजीची शाळा बुडाली ती याच कामांत. सासू, सासरे, नात्याबाहेरचे म्हातारे, सगळ्यांचे करता करता कितीतरी सुनांच्या कंबरा मोडल्या. त्याचा मोबदला नव्हता आणि नकार देण्याची सोयही नव्हती. 'आपली संस्कृती' म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, ते पुष्कळदा याच बायांच्या कष्टांवर उभे होते.

बदल आला तो हळूहळू. १९५० मध्ये वृद्धांसाठी पेन्शन सुरू झाली. आधी फक्त गरिबांना, १९५८ पासून उत्पन्नाची अट न घालता सर्वांना. ज्याच्या नावावर कधी काही नव्हते, त्या म्हाताऱ्याच्या हातात दरमहा स्वतःचे पैसे आले. घरातला त्याचा शब्द त्यामुळे थोडा वजनदार झाला, असे जुनी माणसे हसत सांगतात.

१९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळाने गवती घरे उडवून नेली. मग सिमेंटच्या वसाहती उभ्या राहिल्या. घरे पक्की झाली, पण जुने शेजार विखुरले. १९७० नंतर निर्यात कारखाने आले आणि आपल्या मुली शिलाई यंत्रांवर बसल्या. पगार आला, बसची वेळ आली, आणि दुपारचे ताट नेणारे कोणी उरले नाही. पुढच्या पिढीतली मुले फ्रान्स, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाला गेली.

आज रोजच्या कामांसाठी सतत दुसऱ्याची मदत लागते असे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर सरकार त्यासाठी भत्ता देते. पगारी मदतनीस बाई घरी येते, आंघोळ घालते, भाजी चिरते, औषधाची आठवण करते. काही घरांत तिला अजूनही 'कामवाली' म्हणून हाक मारतात, ते कानाला खटकते.

मंडळांच्या तरुणांनी घरोघर आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांच्या प्रश्नावलीत जहाज, मळा, सरदार, बैठका, झाकरी, सगळे असते. त्यात एवढे जोडावे: तुमच्या कांपात एकटे म्हातारे कोण होते? त्यांचे पाणी कोण भरत असे? तिचे नाव काय? नव्वदीच्या आज्या अजून आहेत. त्यांना ती नावे आठवतात.