कुस्तीच्या पोटी जन्मलेला मल्लखांब

मल्लखांबाची कथा बहुतेक जण बाळंभटदादा देवधरांपासून सुरू करतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले. त्यांचे आव्हान कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी उचलले आणि तयारीसाठी सप्तशृंगीचा गड गाठला. तिथे मारुतीने वानररूपात खांबावरचे डाव दाखवले. परतून त्यांनी अलीला चीत केले. गुलाबाने कुस्ती धरलीच नाही. ही आख्यायिका तालमींनी जिवापाड जपली आहे.

खांब मात्र तिच्याहून कितीतरी जुना. बाराव्या शतकातल्या, कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार येतात: वजनांचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, हातांच्या झटापटीचा बाहुपेल्लणकश्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. नुसते लढून पैलवान घडत नाही. दम, पाय, पकड वेगवेगळी कमवावी लागते, हे तेव्हाच उमगले होते. बाळंभटांनी या जुन्या मेहनतीला शिस्त लावली, आणि माझ्या मते हे काम शोधापेक्षा लहान नाही.

पुरलेला खांब नीट पाहावा. सागाचा किंवा शिसवीचा, बुडाशी जाड, वर निमुळता. मग मान, माथ्यावर बोंड. वर एरंडेल चोळलेले, त्यामुळे घामेजलेल्या प्रतिस्पर्ध्यासारखा तो हातातून निसटू पाहतो. जोडीदार थकतो, सांभाळून घेतो, सोयीच्या बाजूने डाव मारू देतो. खांबापाशी सवलत नाही. अढीत मांड्या सैल पडल्या की माणूस थेट खाली. उजवे-डावे अंग सारखे घोटता येते. बगल, मांडी, पोटरी, पंजा यांना आवळण्याची सवय लागते, आणि डोके खाली असतानाही आपले अंग कुठे आहे याचे भान राहते. खालून पट काढणाऱ्या किंवा कैचीत सापडलेल्या पैलवानाला नेमके हेच लागते.

पेशवाईनंतर ही विद्या बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्ताला गेली, शिष्यांनी ती पसरवली. पुढे तिचा स्वतंत्र खेळ झाला; 2019मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला जागतिक स्पर्धाही भरली. या भरभराटीचा आनंद आहेच. पण ज्याच्यासाठी खांब पुरला, तो कुस्तीगीर आता त्यावर क्वचित चढतो. तालमींनी हौद्याशेजारी तो पुन्हा पुरावा, असे मला मनापासून वाटते; त्याला लागते एक लाकूड, थोडे एरंडेल आणि शिकवणारा वस्ताद.