कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापूर्वी

शिक्षण वा नोकरीनिमित्त प्रथमच स्वतंत्र बिऱ्हाड थाटणाऱ्यांचा स्वयंपाकासंबंधीचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या? घरी फोन केला, की 'तीन कर' असे उत्तर मिळते. पण तीन शिट्ट्यांनंतरही डाळ पाण्यापासून वेगळी राहिलेली दिसते. वस्तुतः शिट्टी हे वेळेचे माप नव्हेच. जादा झालेली वाफ बाहेर पडली, एवढीच ती खूण असते. मोठ्या आचेवर त्या तीन शिट्ट्या भराभर उरकतात, तर मंद आचेवर त्यांना दुपटीहून अधिक वेळ लागू शकतो.

उघड्या पातेल्यातील पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअस तापमानाला उकळते. नेहमीच्या घरगुती कुकरमध्ये वाफेच्या दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि म्हणूनच डाळ लवकर शिजते. एकदा हा दाब पूर्ण झाला, की आच मोठी ठेवून तापमान वाढत नाही. केवळ इंधन आणि पाणी वाया जाते. त्यामुळे पहिली शिट्टी होताच आच मंद करावी आणि घड्याळाकडे पाहावे. अर्धा तास भिजवलेल्या तुरीच्या डाळीला व डब्यातील भाताला त्यानंतर दहा मिनिटे सहसा पुरतात. कुकरच्या तळाशी मात्र दोन वाट्या पाणी हवेच. भातासाठी एका वाटीला दोन वाट्या पाणी हे प्रमाण जुन्या तांदळाचे. नवा तांदूळ असल्यास ते थोडे कमी करावे, अन्यथा भाताचा गिचका होतो.

एवढे करूनही डाळ शिजत नसेल, तर दोष बहुधा डाळीच्या वयाचा किंवा पाण्याचा असतो. फार दिवस साठवलेली डाळ आणि विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी या दोहोंमुळे ती कडक राहते. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधीच घातल्यासही तेच होते. आंबट पदार्थ डाळ शिजल्यानंतरच घालावेत.

डाळ डब्यात न ठेवता थेट कुकरमध्ये शिजवायची असल्यास अधिक काळजी घ्यावी. डाळ व पाणी मिळून कुकर निम्म्याहून अधिक भरू नये. डाळीला फेस येतो, तो वाफेच्या नळीत अडकतो आणि दाब वाढत जातो. चमचाभर तेल घातल्यास फेस आवरतो. झाकण लावण्यापूर्वी नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का, हे पाहण्यास दोन क्षणही लागत नाहीत. दुर्दैवाने हीच गोष्ट सर्वाधिक टाळली जाते. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये कुकरचा पूर्वज तयार केला, तेव्हा त्यालाही सुरक्षा झडपेची जोड द्यावी लागली होती. ती झडप उडाल्यास तिच्या जागी मूळ कंपनीचीच नवी बसवावी. झाकण जोर लावून कधीही उघडू नये. दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी किंचित उचलून वाफ येत नाही, याची खात्री करावी.

राजमा हा नवख्यांचा आवडता पदार्थ. मात्र कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते आणि अर्धवट शिजलेले थोडे दाणेही उलट्या-जुलाबांस कारणीभूत ठरू शकतात. तो रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात, दाणा बोटांनी सहज चेपेपर्यंत शिजवावा. मंद उष्णतेवर तासन् तास ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे; पाणी खळखळून उकळायलाच हवे.

उरलेल्या भाताविषयी लिहिणे थोडे जिवावर येते, कारण शिळ्या भाताचा फोडणीचा भात हा अनेकांच्या सकाळच्या न्याहारीचा आनंद आहे. तो सोडण्याचे कारण नाही. परंतु भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्यातूनही टिकून राहतात आणि भात रात्रभर ओट्यावर राहिल्यास ते वाढून विष तयार करतात. सकाळी फोडणी दिल्याने ते विष नाहीसे होत नाही. भात पसरट भांड्यात गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा.

आता फोडणी. तेल तापले का, हे मोहरीचा एक दाणा टाकून कळते. तो लगेच तडतडला, की उरलेली मोहरी घालावी. मग जिरे, त्यानंतर आच मंद करून हिंग, हळद आणि सर्वांत शेवटी तिखट, कारण ते पटकन करपते. तेलातून धूर निघू लागल्यास गॅस बंद करावा. तेलाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. पेटते तेल त्याने चौफेर उडते. गॅस बंद करून कढल्यावर घट्ट झाकण ठेवावे आणि ती पूर्ण गार होईपर्यंत हलवू नये.